वाचकांचे प्रश्न : कार्ड पाकिटात आहे, पण घरी बोललात का?

दरवर्षी ३ ऑगस्टला आपल्याकडे अवयवदान दिन पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत दात्याच्या हृदयाचे देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. त्यानिमित्त मागील अंकात अवयव, रक्त आणि अस्थिमज्जा यांच्या दानाविषयी प्रश्न मागवले होते. इंदूरबरोबरच देवास, महू आणि उज्जैन येथूनही पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून, लिहिणाऱ्यांची नावे न देता त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. नोकरीची बरीच वर्षे रक्तपेढीत गेल्यामुळे काही ठिकाणी माझा आग्रह अधिक ठळक दिसेल, तो वाचकांनी समजून घ्यावा.

प्रश्न : माझ्या यजमानांनी एका शिबिरात अवयवदानाचा फॉर्म भरला आणि कार्ड पाकिटात ठेवले. सासूबाईंना हे कळल्यापासून त्या अस्वस्थ आहेत. छातीत धडधड चालू असताना माणूस गेला असे डॉक्टर कसे म्हणतात, आणि अवयव हवेत म्हणून उपचारांत हयगय केली तर, असे त्या विचारतात. त्यांना मी काय सांगू? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : सासूबाईंच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांचे निरसन नीट बसून करायला हवे. हृदयाचे ठोके मेंदूच्या आज्ञेवर चालत नाहीत. ठोक्यांची विद्युतप्रेरणा हृदयातच निर्माण होते आणि प्राणवायू मिळत राहिला तर मेंदू गेल्यानंतरही ते काही काळ धडधडत राहते. श्वासाचे तसे नाही. श्वासाची प्रेरणा मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून येते. डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, की कवटीच्या बंद पोकळीत सूज वाढते, दाब चढत जातो आणि अखेर मेंदूकडे रक्त पोहोचणेच थांबते. मस्तिष्कस्तंभ मेला की माणसाचा स्वतःचा श्वास कायमचा गेला. त्यानंतर छाती वरखाली होताना दिसते ती व्हेंटिलेटरमुळे. कोमातल्या रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो, म्हणून त्याच्या बाबतीत आशेला जागा असते. मेंदूमृत्यू हा मात्र मृत्यूच आहे आणि १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो तसा मानलेला आहे.

हा निर्णय कोणी एक डॉक्टर देत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ असते : रुग्णालयाचा वैद्यकीय प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यचिकित्सक आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात असू शकत नाही. सर्व चाचण्या दोनदा होतात आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे लागते. डोळ्यांत प्रखर प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का, डोळ्याच्या बुबुळाला कापसाचे टोक लावल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फाचे पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी फिरवल्यावर खोकला येतो का, हे सारे एकेक करून पाहतात. शेवटची चाचणी श्वासाची. आधी रुग्णाला भरपूर प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर सोडवून बारीक नळीने फुप्फुसांत प्राणवायू चालू ठेवतात आणि छाती व पोट उघडे ठेवून काही मिनिटे फक्त पाहत राहतात. या वेळात रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. जिवंत मस्तिष्कस्तंभाला श्वास घ्यायला लावणारी याहून मोठी प्रेरणा नाही. रक्ताचा नमुना तपासून तो पुरेसा वाढल्याची खात्री करतात आणि तरीही छाती जराही हलली नाही, तरच चाचणी पूर्ण झाली असे धरतात. शक्य असेल तर एखाद्या डॉक्टरकडून हे सर्व सासूबाईंना समोरासमोर समजावून घ्यावे. यात घाईला किती थोडी जागा ठेवलेली आहे, हे त्यांना तेव्हा उमगेल.

उपचारांत हयगय होईल ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. अवयव दुसऱ्याच्या उपयोगी पडायचे असतील तर रुग्णाचा रक्तदाब, प्राणवायू, शरीरातील क्षार हे शेवटपर्यंत काटेकोरपणे सांभाळावे लागतात. ज्याची हेळसांड झाली त्याचे अवयव दान करण्याजोगे उरतच नाहीत. शिवाय अवयवदानाचा विषय मंडळाने मृत्यू प्रमाणित केल्यानंतरच पुढे सरकतो.

आता पाकिटातल्या कार्डाविषयी, कारण या सदरातून मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. आपल्या यजमानांनी भरलेला फॉर्म, किंवा राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने केलेली नोंदणी, ही त्यांची इच्छा झाली. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या जवळच्या नातेवाइकांना विचारले जाते, आणि त्यांची सही झाली नाही तर दान होत नाही. कार्ड असूनही घरात कधी विषय निघाला नव्हता म्हणून नकार आलेली कुटुंबे असतात, आणि कार्ड नसूनही ‘ते नेहमी म्हणायचे’ एवढ्या आठवणीवर होकार देणारीही असतात. त्या रात्री प्रत्यारोपण समन्वयक आपल्याशी, सासूबाईंशी, दिरांशी बोलेल. अशा वेळी एकाचा हुंदका सगळ्यांचा निर्णय फिरवतो. म्हणून यजमानांनी स्वतः आईजवळ बसून आपल्याला असे का वाटते ते सांगावे. सासूबाईंनी लगेच ‘हो’ म्हणावे असा आग्रह नको. मुलाच्या मनात काय आहे ते त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलेले असणे फार मोलाचे आहे.

त्यांच्या मनात आणखी काही प्रश्न असतील, तेही सांगून टाकावेत. देह नीट शिवून परत मिळतो आणि अंत्यसंस्कार नेहमीच्या विधींनी होतात. मृत्यू प्रमाणित झाल्यानंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा किंवा नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही, अशी नियमांत तरतूद आहे. अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही, परंतु अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्याची मुभा नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तरीही सगळे आटोपेपर्यंत पुष्कळ तास जातात, कधी अख्खा दिवस जातो. ही कल्पना आधीच देऊन ठेवावी, म्हणजे त्या वेळी ताटकळल्याचा राग दानावर निघणार नाही. मध्य प्रदेश शासनाने २०२५ मध्ये अवयवदात्याला व देहदात्याला अखेरची मानवंदना देण्याचा निर्णय घेतला, तोही त्यांना सांगण्यासारखा आहे. २०१५ पासून इंदुरात अनेकदा ग्रीन कॉरिडॉर झाले आहेत. रुग्णालयापासून विमानतळापर्यंत चौकाचौकांत वाहतूक थांबवून अवयवांच्या पेटीला वाट दिली जाते, कारण काढलेले हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागावे लागते. यकृताला साधारण बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला त्याहून जास्त.

प्रश्न : माझ्या मेव्हण्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. ताईने आपले एक द्यावे असे तिच्या सासरी सर्वांनी गृहीत धरले आहे. तिला कोणी विचारलेलेच नाही. ती ‘नाही’ म्हणू शकते का? (देवास)

उत्तर : निःसंशय म्हणू शकते, आणि त्यासाठी तिने कोणालाही कारण देण्याची गरज नाही. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायद्याने जवळचे नातेवाईक मानले आहे. त्यांच्यातील दानाची प्रक्रिया सोपी ठेवलेली असली तरी संमती दात्याचीच आणि स्वेच्छेची असावी लागते. दाती स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४ चे नियम सांगतात. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना आपली घरे चांगलीच ठाऊक असली पाहिजेत. ताईने समन्वयकाची आणि मूत्रपिंडतज्ज्ञाची एकटीने भेट मागावी, सोबत घरच्या कोणालाही नेऊ नये आणि मनातले स्पष्ट सांगावे.

सर्व काही समजून घेऊन तिने ‘हो’ म्हटले तर तो निर्णयही तितकाच आदरणीय आहे. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर चांगले आयुष्य जगतो. मात्र शस्त्रक्रियेचा धोका, पुढील काही आठवड्यांची विश्रांती आणि रक्तदाब व लघवीची दरवर्षी तपासणी हे त्यात येते. ती विश्रांती तिला घरात खरोखर मिळेल का, याचे उत्तर सासरच्यांनी आधी द्यावे.

या पत्राने मला एक गोष्ट मांडण्याची संधी दिली आहे. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. २०१३ मध्ये हा आकडा पाच हजारांच्या आत होता, म्हणजे प्रगती मोठी आहे. परंतु त्या वर्षी मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १,०९९ होते. उरलेला भार जिवंत दात्यांनी उचलला, आणि त्यांत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पत्नी देते, आई देते, बहीण देते. त्या प्रेमाने देतात हे मला मान्य आहे, पण देण्याची पाळी दर वेळी त्यांच्यावरच यावी हे मला मान्य नाही. मरणोत्तर दान वाढले तर आपल्या ताईसारख्या कित्येकींसमोर हा प्रसंग उभाच राहणार नाही. मेव्हण्यांचे नाव मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत अद्याप नोंदवले नसेल तर ते रुग्णालयामार्फत ताबडतोब नोंदवावे. ताईचा निर्णय काहीही असो, हे काम थांबवू नये. राष्ट्रीय संस्थेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४७७० आहे. तेथे चौकशी करता येते.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या शिबिरात दरवर्षी भरघोस रक्तदान होते. तरीसुद्धा मे-जूनमध्ये ओळखीच्या रुग्णासाठी रक्त शोधत पळावे लागले. असे का होते? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : कारण रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. गणपतीत जमलेले रक्त दिवाळीपर्यंत संपते किंवा मुदतबाह्य होते. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद, लोक गावाला गेलेले, शिबिरे नाहीत. दुसऱ्या बाजूला थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते आणि त्यांचा हिशेब सणावारांवर चालत नाही. इंदुरात अशी मुले बरीच आहेत. झाबुआ आणि अलीराजपूर या भागांतून सिकलसेलचे रुग्णही येथे येतात.

आपल्या मंडळाने एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षातून तीन-चार लहान शिबिरे घ्यावीत आणि त्यातले एक न चुकता मे महिन्यात ठेवावे. तारीख ठरवण्यापूर्वी रक्तपेढीला विचारावे, कारण त्यांना कोणत्या आठवड्यात चणचण भासते ते त्यांना ठाऊक असते. १८ ते ६५ वर्षे वय, किमान ४५ किलो वजन आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पहिल्यांदाच देणाऱ्याचे वय साठच्या आत असावे. पुरुषांनी दोन वेळांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. हिमोग्लोबिन कमी निघाल्यामुळे शिबिरातून परत पाठवलेल्या बायकांची यादी मंडळाने ठेवावी, असे मी सुचवेन. त्यांना घरी पाठवून विषय संपवू नये. त्यांना डॉक्टरकडे नेणे हेही मंडळाचेच काम आहे.

एका वाचकाने आपल्या मुलाचा रक्तगट ‘ओ’ आहे की ‘बॉम्बे’ याबद्दल गोंधळ असल्याचे कळवले आहे. हा दुर्मीळ गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ सारखाच दिसतो, पण या गटाच्या व्यक्तीला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतते. मोठ्या रक्तपेढीत संपूर्ण गटतपासणी करून घ्यावी, आणि बॉम्बे गट निघाला तर मुलाच्या सख्ख्या भावंडांचीही करावी.

प्रश्न : महाविद्यालयात मी बोनमॅरोच्या नोंदणीसाठी गालाच्या आतल्या बाजूने कापसाच्या काडीवर नमुना दिला होता. आता संस्थेचा फोन आला की एका रुग्णाशी जुळणी झाली आहे. आई म्हणते, मणक्यात सुई घालतील, पुढे कायमचा अशक्तपणा येईल, लग्नात अडचण होईल. मी तयार आहे, पण आईला दुखवायचे नाही. (तिलकनगर, इंदूर, वय २२)

उत्तर : प्रथम आपले मनापासून अभिनंदन. हजारो लोक नोंदणी करतात आणि त्यांतल्या बहुतेकांना असा फोन कधीच येत नाही. रक्तगट जुळणे वेगळे आणि ही जुळणी वेगळी. येथे एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्यांतल्या निम्म्या आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक इतकीच असते. घरात कोणी जुळले नाही की रुग्णाला परक्या माणसाकडे पाहावे लागते, आणि तो बहुधा त्याच्याच वंशपरंपरेच्या समाजात सापडतो. जगातल्या नोंदणीयाद्यांत भारतीय वंशाचे लोक फार कमी आहेत. २००९ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या संस्था ही उणीव भरून काढण्यासाठीच काम करतात. आपल्या मराठी घरांतली जितकी मुले-मुली यादीत येतील, तितकी मराठी घरातल्या एखाद्या आजारी मुलाला दाता मिळण्याची आशा वाढेल.

आईची भीती मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा यांच्या घोटाळ्यातून आलेली आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात असतो आणि त्याला या कामात कोणी हातही लावत नाही. अस्थिमज्जा हा हाडांच्या पोकळीतला मऊ भाग असून तेथे रक्ताच्या पेशी तयार होतात. आज बहुतेक दात्यांकडून मूळ पेशी थेट रक्तातूनच घेतल्या जातात. त्याआधी काही दिवस रोज एक इंजेक्शन देतात. त्यामुळे मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर, मांड्या, छातीची हाडे ठणकतात, डोके दुखते, ताप आल्यासारखे वाटते, आणि साध्या वेदनाशामक गोळीने बरे वाटते. ठरलेल्या दिवशी आपण पलंगावर पडून राहायचे. एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, तेथे मूळ पेशी वेगळ्या होऊन लहानशा पिशवीत जमतात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून आपल्यालाच परत मिळते. यात काही तास जातात. मधूनच ओठांना किंवा बोटांना मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेले औषध कॅल्शियम कमी करते. परिचारिकेला सांगितले की ती लगेच उपाय करते. कधी कधी मज्जाच हवी असते. तेव्हा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून ती काढतात आणि काही दिवस ती जागा दुखते. दोन्ही प्रकारांत दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा तयार करते. लग्न आणि मूल होणे यांत त्याने अडथळा येत नाही. हे आईला संस्थेच्या डॉक्टरांकडूनच ऐकू द्यावे. ते पालकांशी बोलतात. खर्चाचा बोजा दात्यावर पडत नाही आणि या दानाचे पैसेही मिळत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी आपल्याला कळकळीने सांगते. पेशी देण्यापूर्वी आपली पूर्ण वैद्यकीय तपासणी होईल आणि त्यानंतर अंतिम संमती घेतली जाईल. तोपर्यंत ‘नाही’ म्हणण्याचा आपला अधिकार अबाधित आहे आणि त्याबद्दल कोणी बोल लावू नये. पण संमती दिल्यावर रुग्णाला तीव्र औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर रुग्णाकडे ना जुनी मज्जा उरते, ना नवी मिळते, आणि तो वाचणे कठीण होते. म्हणून आईची समजूत आत्ताच काढावी. तिचे मन मोडून घाईने सही करू नये, आणि तिला शेवटच्या दिवशी सांगू असे म्हणून पुढेही ढकलू नये. रुग्ण कोण आहे हे आपल्याला सांगितले जाणार नाही. ते लहान मूल असेल, कोणाचा बाप असेल. आपल्या इंदुरातच एम.वाय. रुग्णालयातही अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. आईला धीर येणार असेल तर तेथील डॉक्टरांची भेट घ्यावी.

प्रश्न : आम्ही दोघेही पंचाहत्तरीच्या पुढे आहोत. दोघांनाही देहदान करायचे आहे आणि नेत्रदानही. मुलगा परदेशात असतो. मला मधुमेह आहे आणि हिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. आमचे डोळे चालतील का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : चालतील. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन यांमुळे नेत्रदान अडत नाही, कारण दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत मात्र डोळे घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक घरी येतात आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. चेहरा विद्रूप होत नाही. ते येईपर्यंत घरच्यांनी पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. आपल्याकडे माणूस गेला की येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पंखा जोरात लावतात आणि त्या वाऱ्याने बुबुळे सुकतात. एवढे एक पथ्य पाळले तरी डोळे वाया जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

देहदानासाठी महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म भरता येतो. नेत्रदान आणि देहदान एकत्र होऊ शकते. मूत्रपिंड, यकृत असे अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह मात्र विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी सहसा घेत नाहीत. त्यामुळे आपल्या फॉर्मवर काय लिहावे याचा गोंधळ नको. घरी नैसर्गिक मृत्यू आला तर नेत्रदान आणि देहदान, आणि रुग्णालयात मेंदूमृत्यू झाला तर अवयवदान, अशी इच्छा दोघांनीही लिहून ठेवावी.

आपल्या बाबतीतली खरी अडचण मुलाच्या अंतराची आहे. तो विमानाने पोहोचेपर्यंत सहा तास केव्हाच उलटून गेलेले असतील. नेत्रदानाच्या संमतीपत्रावर नातेवाइकाची सही आणि दोन साक्षीदार लागतात. आपल्यामागे राहणारा जोडीदार ती सही करण्याच्या मनःस्थितीत असेलच असे नाही. म्हणून इंदुरातच राहणारा पुतण्या, भाची किंवा दुसरे कोणी जवळचे नातेवाईक निवडून त्यांना ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत सोपवावी. मुलाला फोनवर सांगताना त्यांनाही समोर बसवावे, म्हणजे ‘मला न विचारता केले’ असे नंतर कोणी म्हणणार नाही. नेत्रपेढीचा आणि महाविद्यालयाचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ लावावा, आणि त्याची एक प्रत शेजाऱ्यांकडे द्यावी. मृत्यूचा दाखला लिहून देणारा डॉक्टर रात्री-अपरात्री घरी येईल का, हेही आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. दाखल्याशिवाय महाविद्यालय देह स्वीकारत नाही आणि घरच्यांचा सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो.